आठवा पट्टा

माझे कान उत्तम आहेत. हे मी म्हणत नाही, कारखान्याचे अठ्ठावीस कागद म्हणतात. वर्षाला एक, डॉक्टरच्या सहीशिक्क्यासकट. टीव्हीच्या आवाजावरून बायकोने कटकट केली की मी कपाटातून ती फाईल काढतो आणि तिच्या पुढ्यात ठेवतो. ती म्हणते, "अहो, टीव्ही तुम्ही बघता, ती फाईल नाही बघत." मग मी फाईल परत कपाटात ठेवतो. बायकोशी वाद घालून कुणाचं भलं झालंय?

माझं म्हणणं एवढंच, की हल्ली लोक पुटपुटतात. शब्द तोंडातल्या तोंडात चघळतात. आमच्या शेडमध्ये दोनशे चाळीस माग एकदम चालायचे. तिथे माणूस बोलायचा तो बेंबीच्या देठापासून. मी तिथला मिस्त्री. माग कुरकुरला की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचो, मूठ कानामागच्या हाडाला लावायचो आणि सांगायचो, अमुक बेअरिंग गेलं. खोललं की तेच निघायचं. अशा माणसाला 'तुम्हाला ऐकू येत नाही' म्हणायचं म्हणजे हद्द झाली.

तर त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी त्याच शेडच्या आवारात, लेकीच्या गाडीच्या मागे गुडघे टेकून बसलो होतो.

गाडी म्हणजे पूर्वी कुणा हौशी कुटुंबाचं फिरतं घर होतं. आत ओटा, ड्रॉवर, पलंग, सगळं. माझी लेक लोकांचे कान तपासते. इस्पितळातली सावलीतली नोकरी सोडून तिने हे चाकांवरचं घर घेतलं, पलंग उपटून टाकला आणि त्या जागी जाड भिंतींची एक खोली बसवून घेतली. खोली कसली, कपाटच. आत एक खुर्ची, समोर दुहेरी काचेची छोटी खिडकी. माणसाने आत बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण धरायचं. लेक बाहेरून एकेक सूर सोडते. "ऐकू आलं की दाबा, विरलं की सोडा." दिवसभर तिचं हे एकच वाक्य.

तिला आमची शेड हवी होती. हट्टच धरला होता म्हणा ना. "बाबा, तिथल्या माणसांचे कान खरे कुणी तपासलेच नाहीत," असं ती म्हणायची, आणि म्हणताना माझ्याकडे बघायची नाही. दोन वर्षं मालकाचे उंबरे झिजवून तिने परवानगी मिळवली. अट एकच. गाडीतल्या खोलीत पुरेशी शांतता आहे, असं तपासनिसाचं प्रमाणपत्र पाहिजे. आज ते मिळालं तर दोन वाजता पाळी सुटल्यावर पहिली तुकडी येणार. नाही मिळालं तर पुढची तपासणी आठ महिन्यांनी. आणि मालक तर 'मग राहू द्या आता' म्हणायला टपूनच बसला होता.

शांततेच्या आड येत होता तो जनरेटर. शेडची वीज घेता येत नव्हती. माग सुरू-बंद झाले की ती वरखाली होते, लेकीचं एक यंत्र त्यात आधीच जळलं होतं. बॅटरीवर तपासणीचं यंत्र चालतं, पण एसी आणि खोलीत हवा सोडणारा पंखा चालत नाही, आणि त्या बंद कपाटात भर दुपारी माणूस पाच मिनिटांत घामाने निथळतो. म्हणजे जनरेटर हवाच. तो गाडीच्या मागच्या बाजूला, लोखंडी कप्प्यात. सुरू झाला की ओट्यावरचे कप नाचत नाचत कडेला यायचे.

"तो माझ्यावर सोड," मी लेकीला म्हणालो होतो. "दोनशे चाळीस माग सांभाळलेत मी. हे एक कार्टं काय मोठं?"

तीन आठवडे खपलो. जनरेटर थेट लोखंडावर आवळलेला होता, तो उचलून चार रबरी गट्टूंवर बसवला. धुराच्या नळीला लवचिक तुकडा जोडला, दुसरा सायलेन्सर लावला, नळी छतापर्यंत नेली. चारी बाजूंनी प्लायवूडची पेटी केली, आतून जड रबर आणि त्यावर फोम. पेटीला श्वास घ्यायला वाट लागते, नाहीतर इंजिन तापून बंद पडतं. म्हणून एका बाजूला पत्रा बसवला आणि त्यात बारीक चिरा पाडल्या. शंभरेक असतील. आवाज फटीतून पळतो, मग फटच बारीक ठेवायची, असा माझा हिशोब. एकेक चीर कानशीने घासून सरळ केली होती. तो पत्रा बघून मला स्वतःचंच कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

कप नाचायचे थांबले. हात ठेवला तर गाडीचं अंग गार आणि स्थिर. स्क्रूड्रायव्हर कानामागे लावला, लांबून कुठेतरी धडधड, बस्स. मी लेकीला म्हणालो, "चिडीचूप." ती काहीतरी म्हणाली. पुटपुटलीच. मी मान डोलावली.

तपासनीस बाई बरोबर अकराला आल्या. ठेंगण्या, खांद्याला आडवी पिशवी, बोलणं अगदी सौम्य. सौम्य माणसांची मला भीती वाटते, ती आरडाओरडा करून मोकळी होत नाहीत. त्यांनी खोलीत खुर्चीवर आपला मीटर ठेवला, दार लावलं आणि जनरेटर सुरू करायला सांगितलं. मग आम्ही सगळे खिडकीतून मीटरकडे बघत उभे राहिलो. आम्ही म्हणजे बाई, लेक, मी आणि गेटवरचा भोंगा. भोंगा माझ्या वेळी शेडमध्ये माग चालवायचा, आता गेट सांभाळतो. त्याचं पाळण्यातलं नाव आता त्यालाही आठवत नसेल.

मीटरवर आठ उभे पट्टे होते. डावीकडे जाड आवाजांचे, उजवीकडे बारीक आवाजांचे, आणि सगळ्यांवरून एक आडवी रेघ. रेघेच्या खाली हिरवा, वर गेला की लाल. पहिला हिरवा, दुसरा हिरवा. मी मनातल्या मनात मोजत होतो. सातवा हिरवा. आठवा लाल, आणि लाल म्हणजे किती, रेघ ओलांडून चांगला बोटभर वर.

"शिट्टी आहे," बाई म्हणाल्या. "बारीक, सारखी चालू आहे."

"कसली शिट्टी?" मी म्हणालो.

बाईंनी दार उघडून मला आत उभं केलं. मी कान टवकारले. काही नाही. पायाखाली जरा गुरगुर, तीही जाणवण्यापुरती. "कुठाय? काही नाही इथे."

लेक दारात उभी होती. तिचा एक डोळा बारीक झाला होता, दात दुखताना होतो तसा. "बाबा, आहे. मला कालपासून येतेय ऐकू. मी म्हणाले होते तुम्हाला."

"मला पण काही ऐकू येत नाही!" भोंगा बाहेरून गरजला. "एकदम शांत आहे!"

त्याच्या ओरडण्याने आठही पट्टे क्षणभर लाल झाले. दुसरा दिवस असता तर मी हसून लोळलो असतो. पण त्या वेळी मला कळलं की आम्ही दोघं शेडमधले एका बाजूला होतो आणि त्या दोघी दुसऱ्या बाजूला. कोणत्या बाजूला कोण, हे बघून मला घाम फुटला.

"मीटर बिघडलाय तुमचा," मी म्हणालो. म्हणताना बायकोचा आवाज डोक्यात वाजला, नाचता येईना अंगण वाकडं.

"गेल्या आठवड्यातच तपासून आलाय, काका," बाई म्हणाल्या. "मला एक वाजता निघायला लागेल. तोवर काही जमलं तर बघा. नाहीतर जे आहे ते लिहावं लागेल मला." आणि त्या झाडाखाली खुर्ची टाकून बसल्या. लेकीने ओट्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. परीक्षेच्या निकालाला ती अशीच दाराची चौकट धरून उभी राहायची.

भोंग्याने मला कोपऱ्यात ओढलं. त्याच्या मते तो कुजबुजत होता. "मिस्त्री, वेडा आहेस का? बाई मोजायला लागली की दोन मिनिटं बंद कर ते धूड. बॅटरीवर दिवे चालतात ना? कुणाला कळतंय? आपण डॉक्टरला अठ्ठावीस वर्षं गुंडाळला, ही कोण लागून गेली!"

हे सांगायला हवं. शेडमध्ये दर वर्षी कानाचा डॉक्टर यायचा. समोर टेबल टाकून बसायचा, आमच्या कानाला हेडफोन, त्याच्या हाताशी खटका. ज्याचा कान गेला त्याला मागावरून काढून गाठोडी बांधायला पाठवायचे, आणि मागावरचा माणूस गाठोडी बांधायला गेला की त्याची इज्जत गेली. पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं की डॉक्टर खटका दाबतो तेव्हा त्याचं कोपर हलतं. कोपर हललं की बोट वर करायचं. संपलं. मी हे भोंग्याला सांगितलं, भोंग्याने शेडला सांगितलं. नवीन माणूस लागला की त्याला सुताची गाठ मारायला शिकवायच्या आधी आम्ही हे शिकवायचो. मग डॉक्टर हुशार झाला, टेबलाला पडदा लावला. आम्ही खांदा बघायला लागलो. हात झाकता येतो, खांदा कोण झाकणार? सबंध शेडचे कान उत्तम. अठ्ठावीस वर्षं.

मी भोंग्याला नाही म्हणालो नाही. खरंच सांगतो, मी जनरेटरच्या बटणाकडे बघितलं. तेवढ्यात मागे लेक उभी दिसली. भोंग्याची कुजबुज तिला ऐकू न येणं अशक्यच होतं, गेटपलीकडच्या कुत्र्यालाही आली असेल.

"बाबा," ती एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "असं करून कागद मिळवायचा असेल तर मला तो नको. तसले कागद आपल्या घरी आहेत."

तिने आवाज चढवला नव्हता. मला ते लख्ख ऐकू आलं आणि मी मान खाली घातली. तिला माहीत होतं तर. कधीपासून, कोण जाणे.

साडेअकरा वाजले होते. मी जनरेटर बंद केला. गाडीला वळसा घालून खिडकीशी गेलो, मीटर बघितला. आठवा पट्टा खाली, हिरवा. परत मागे गेलो, सुरू केला. परत खिडकीशी. लाल. पुन्हा बंद, पुन्हा हिरवा. असं मी चार वेळा केलं. पाचव्यांदा करायला निघालो आणि थांबलो. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे वाक्य मी उभ्या आयुष्यात किती पोरांना सुनावलं असेल. शिट्टी होती. त्या दोघींना ऐकू येत होती. मला येत नव्हती, आणि मी माझ्या हाताने बनवलेल्या पेटीत ती कुठे आहे हे मला शोधायचं होतं.

मला भयंकर भीती वाटली. आंधळ्याला सुईत दोरा ओवायला सांगावं, तसं झालं होतं. आणि दोरा म्हटल्यावर हात आपोआप खिशात गेला. मागावर काम केलेल्या माणसाच्या खिशात सुताची रीळ असतेच. माझ्या तर अजूनही असते.

"आत बस," मी लेकीला म्हणालो. "दार लाव." सुताचं एक टोक तिच्या बोटाला बांधलं, दाराच्या रबरातून सूत बाहेर काढलं, ओट्यावरून, मागच्या झडपेतून थेट जनरेटरपर्यंत आणलं आणि दुसरं टोक माझ्या डाव्या हाताच्या बोटाला बांधलं. "शिट्टी ऐकू आली की ताण. विरली की सोड."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचंच वाक्य होतं ते. मग तिने दार ओढून घेतलं.

जनरेटर सुरू केला आणि बोटाला सूत काचलं. ताठ. म्हणजे ती आत ऐकत होती आणि मी बाहेर तिचं ऐकणं बोटाने ऐकत होतो. मी रबरी गट्टू दाबले. सूत ताठ. धुराच्या नळीला ओलं फडकं गुंडाळलं, फडक्यातून वाफ आली, हात भाजला. सूत ताठच. पेटीच्या झाकणावर छाती टेकून भार दिला, एकेक कोपरा दाबला, इंधनाची नळी हलवली, बिजागरं धरली. ताठ, ताठ, ताठ. बोटाचं टोक पांढरं पडलं. बारा वाजून गेले. झाडाखाली बाईंनी घड्याळ बघितलं.

आता राहिला होता माझा चिरांचा पत्रा. त्याला मी हात लावत नव्हतो. तो पत्रा मी स्वतः कानशीने घासला होता ना! बाकी सगळं जग चुकेल, तो कसा चुकेल? शेवटी तळवा पसरून त्याच्यावर ठेवला.

सूत सैल पडलं.

हात काढला. ताठ. ठेवला. सैल. तळव्याला हवा चिरांतून जोरात ओढली जाताना जाणवत होती. इंजिनाचा पंखा शंभर बारीक फटींतून हवा खेचत होता आणि प्रत्येक फट ओठ आवळून शीळ घालत होती. त्यात भर म्हणजे खोलीत हवा सोडणाऱ्या नळीचं तोंड तिथून हातभर अंतरावर होतं. शिट्टी त्या नळीतून सरळ लेकीच्या कानात जात होती. कालपासून. आणि मी तिला 'चिडीचूप' म्हणत मान डोलावत होतो. मला माझी इतकी लाज वाटली की क्षणभर सूत सोडून उठून जावंसं वाटलं.

पण रडायला वेळ कुठे होता? पक्कड घेऊन पत्रा उपटला. भोंग्याला खिडकीशी पिटाळलं. "आठवा हिरवा!" तो ओरडला, आणि लगेच, "अरे, दुसरा लाल झाला! तिसरा पण!" बरोबरच होतं. एवढं मोठं भोक मोकळं सोडल्यावर इंजिनाची धडधड तिथून बाहेर पडली आणि गाडीच्या खालून परत वर आली. फट ठेवली तर शिट्टी, भोक ठेवलं तर धडधड. बारा वीस.

हवेला वाट हवी, आवाजाला नको. हवा वळणं घेत जाते, आवाज वळणावर आपटतो, आणि वळणावर फोम असेल तर तिथेच जिरतो. मला मोठ्या तोंडाचा, आतून दोनदा वळणारा लाकडी बोगदा पाहिजे होता, आणि सुतारकाम करायला चाळीस मिनिटं होती. मी गाडीत शिरलो. ओट्याखाली दोन रुंद ड्रॉवर होते. मागच्या मालकांच्या पोरांनी त्यांच्यावर फुलांची चित्रं चिकटवलेली. लेकीचे कप, चमचे, तिची कागदपत्रं, सगळं मी जमिनीवर ओतलं.

"बाबा!"

"नवीन करून देईन. करवत आण."

एक ड्रॉवर दुसऱ्यावर पालथा घातला, पेटीसारखा. एकाला या टोकाशी भोक, दुसऱ्याला त्या टोकाशी. मध्ये दोन आडव्या फळ्या, एक वरून खाली येणारी, एक खालून वर जाणारी, म्हणजे हवेला नागमोडी जावं लागेल. आत सगळीकडे फोम. लेकीने फोम कापला, मी ठोकला, भोंग्याने धरून ठेवलं आणि एकदा माझा हातोडा त्याच्या अंगठ्यावर बसला तेव्हा त्याने दिलेली शिवी बाईंनी सभ्यपणे न ऐकल्यासारखी केली. तो बोगदा पत्र्याच्या जागी, पेटीच्या भोकावर बसवला. बारा बेचाळीस. खोलीच्या नळीचं तोंड मी दुसऱ्या बाजूला फिरवलं. बारा एकावन्नला शेवटचा स्क्रू आवळून जनरेटर सुरू केला.

मी खिडकीशी गेलो नाही. धीर झाला नाही. सुताचं टोक परत बोटाला बांधून जनरेटरपाशीच बसून राहिलो. लेक खोलीत शिरल्याचं मला त्या सुतानेच कळलं, कारण ते एकदा हललं. मग सैल पडलं. मी वाट बघितली. सैल. हळूच ओढून बघितलं, तर तिने पलीकडून दोनदा ओढलं, खेळकरपणे, आणि परत सोडून दिलं.

आठही हिरवे. बाईंनी स्वतः दोनदा मोजलं. मी पेटीवर हात ठेवून पंधरा मिनिटं तापमान बघितलं, वाढलं नाही. एक वाजून गेला होता, पण बाई थांबल्या. "छान झालं काका," त्या म्हणाल्या, मोठ्याने आणि सावकाश. मला तेव्हा लक्षात आलं की अर्ध्या तासापासून त्या माझ्याशी तशाच बोलत होत्या. "आता एका माणसाची पूर्ण तपासणी माझ्यासमोर करून दाखवायची, म्हणजे मी सही करते. कोण बसतंय?"

भोंगा गेटकडे बघायला लागला, जणू तिथून हत्ती येत होता. मला बस म्हणायची लेकीची हिंमत नव्हती.

"मी बसतो," मी म्हणालो.

हेडफोन तिने स्वतः चढवले. बटण हातात दिलं, आणि नेहमीचं वाक्य म्हणाली, मला ते पाठच होतं. दार लागलं. समोर काच, काचेपलीकडे लेक. यंत्रावर हात ठेवलेला दिसू नये म्हणून तिने आडोसा लावला होता, पुठ्ठ्याचा, नीट कापलेला. हुशार पोर. पण तिचा उजवा खांदा मला स्वच्छ दिसत होता, आणि पहिला सूर सोडायच्या आधीच तो किंचित उचलला गेला.

म्हणजे हे इतकं सोपं होतं. खांदा बघायचा, दाबायचं, सोडायचं. एकोणतिसावा कागद. माझे कान उत्तम, बायकोचं तोंड बंद आणि संध्याकाळी टीव्ही. अंगठा बटणावर आला होता. अठ्ठावीस वर्षांची सवय अशी हट्टी असते की डोळे आपोआप खांद्याकडे जातात.

मी उठलो, खुर्ची उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. बसलो.

घूं असा सूर आला. दाबलं. पुन्हा आला, लहान झाला. दाबलं. मग जरा बारीक, हू हू असा, लांबून कुणी हाक मारावी तसा. दाबलं. मला बरं वाटलं. मग आणखी एक, फार पुसट, असेल की नसेल असा. दाबलं. आणि मग ती थांबली. बहुतेक बाई तिला काही विचारत असतील. मी वाट बघत बसलो. समोर राखाडी भिंत. किती शांत झाली होती ती खोली! जनरेटर पंधरा फुटांवर धावत होता आणि त्याचा मागमूस नव्हता. माझ्या हाताचं काम होतं ते. मी जरा ताठ बसलो. बरीच वाट बघितली. कंटाळून अंगठा बटणावर फिरवला.

पाठीवर उजेड पडला. दार उघडलं होतं. मी हेडफोन काढले. "मध्येच का गं थांबलीस?"

लेक माझ्यासमोर येऊन खाली बसली, माझे डोळे तिच्या तोंडावर येतील अशी.

"थांबले नव्हते, बाबा."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. "किती सोडलेस?"

"तुम्ही शेवटचं दाबलंत, त्यानंतर एकवीस. दोन्ही कान मिळून."

"काय काय असतं त्या एकवीसमध्ये?"

तिचे डोळे भरले होते. "शिट्ट्या असतात. कुकरची वगैरे. पाखरं. बायकांच्या बोलण्यातला निम्मा भाग, लहान मुलांचा." मग म्हणाली, "माझं बोलणं."

म्हणजे ती पुटपुटत नव्हती. कधीच पुटपुटत नव्हती. बायकोही नाही. सगळं घर इतकी वर्षं माझ्याशी नीट बोलत होतं आणि मी कपाटातून फाईल काढून त्यांच्या तोंडावर मारत होतो. मी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"जे आहे ते लिही," मी म्हणालो. "आणि तो कागद फाईलीत सगळ्यात वर लाव. आईला मी दाखवीन." मग कामाचं बोललो, कारण त्याशिवाय मला रडू आलं असतं. "आणि ऐक. तुझा आडोसा बिनकामाचा आहे. तुझा खांदा हलतो. दोन वाजता जे येतील ते सगळे खांदाच बघणार आहेत. मीच शिकवलंय त्यांना."

तिने स्वतःच्या खांद्याकडे असं बघितलं, जणू तो परक्याचा होता.

बाईंनी सही केली, शिक्का मारला आणि पिशवी आडवी टाकून गेल्या. दोन वाजता शेडचं मोठं दार उघडलं. माणसं हात पुसत, कपड्यांवरचा कापूस झटकत गाडीकडे यायला लागली, आणि एकमेकांकडे बघून हसत होती. ते हसू मला पाठ होतं. भोंगा सगळ्यांच्या पुढे येऊन उभा राहिला, गेटवरच्यांचीही तपासणी होती म्हणे. त्याने गाडीत डोकं घातलं. मी खोलीत उकिडवा बसलो होतो, खुर्चीच्या चौथ्या पायाला स्क्रू आवळत. बाकीचे तीन पाय आधीच जमिनीला पक्के झाले होते.

"मिस्त्री," त्याने डोळा मारला आणि सबंध रांगेला ऐकू जाईल असं कुजबुजला, "आतून काय दिसतं रे?"

मी स्क्रू शेवटपर्यंत आवळला आणि खुर्ची हलवून बघितली. हलली नाही.

"भिंत," मी म्हणालो.